सही करणारा कारकून

बहारीनच्या जिदहफ्समध्ये खजुरींना पुन्हा फुलोरा आला आहे. आमच्या घरामागे एक बुटकी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे बाग. तिथला म्हातारा बागवाला सकाळी कमरेभोवती दोराचा रुंद पट्टा टाकून झाडावर चढतो. पाठ त्या पट्ट्यावर रेलून तो दोन्ही हात मोकळे ठेवतो. नर झाडाच्या तुऱ्यातल्या काड्या मादी झाडाच्या तुऱ्यात खोचायच्या, झावळीच्या पट्टीने सैलसर बांधायच्या आणि खाली उतरायचे. मग पुढचे झाड. खजुरी आपली आपण फळत नाही, तिच्यासाठी कुणाला तरी वर चढावे लागते, हे मला इथे आल्यावर कळले.

त्या परागाला मळून ठेवलेल्या कच्च्या कणकेसारखा वास येतो. वारा सुटला की तो वास वाळूबरोबर खिडकीतून आत येतो. इतरांना हा वसंताचा वास वाटत असेल. मला तो परीक्षेचा वास वाटतो.

यंदा माझे बी.ए.चे शेवटचे वर्ष. मी बाहेरून परीक्षा देते, म्हणजे पुस्तके इथे बहारीनमध्ये वाचायची आणि एप्रिलात मुंबईला जाऊन पेपर लिहायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, असे अब्बा सगळ्यांना सांगतात. खरे तर मी कुठलीच पायरी चढलेली नाही. माझे कॉलेज टपालाने येते.

आत्ता मी अभ्यास करायला हवा. पण दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत जे झाले ते डोक्यातून जात नाही. त्यात कुणाचे चुकले, माझे किती चुकले, हे मला अजून ठरवता आलेले नाही. लिहायला बसले तर ठरेल असे वाटते. खात्री नाही.

त्या वर्षी आम्हाला इंग्रजीच्या पेपराला एक आफ्रिकी कादंबरी होती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका देशाची गोष्ट. गोरे साहेब निघून गेले आहेत, त्यांच्या बंगल्यांत आता देशी मंत्री राहतात. त्यातला एक आरोग्यमंत्री आपल्या गावात इस्पितळ बांधतो. उद्घाटनाला राष्ट्रपती येणार असतात आणि इस्पितळात एकही खाट नसते, कारण खाटांचे पैसे मंत्र्याच्या नव्या मोटारीत गेलेले असतात. मग शहरातल्या एका हॉटेलातून एका दिवसासाठी खाटा आणतात. रोगी म्हणून मंत्र्याचे चुलते, आतेभाऊ, मेहुणे डोक्याला पट्ट्या बांधून झोपतात. एका मेहुण्याला खरोखरच झोप लागते आणि राष्ट्रपती समोर आल्यावर तो घोरतो. संध्याकाळी खाटा परत जातात. तो मेहुणा खाटेसकट हॉटेलात जातो.

या सगळ्याच्या कडेला एक कारकून आहे. इस्पितळाला साठ खाटा मिळाल्या अशा कागदावर त्याची सही हवी असते. तो दोन दिवस सही टाळतो. आधी पोटदुखीचे निमित्त करतो, मग चष्मा हरवल्याचे. तिसऱ्या दिवशी करतो.

ही कादंबरी मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. दिवसाला चार पाने व्हायची. पण शब्दांची अडचण नव्हती, अडचण वेगळीच होती. गाइडमध्ये लिहिले होते की ही उपरोधिक कादंबरी आहे, वाचकाला आधी हसू येते आणि नंतर राग येतो. मला दोन्ही येत नव्हते. मला ती साधी, खरी गोष्ट वाटली. आमच्या गावात आरोग्य केंद्राचे उद्घाटन झाले तेव्हा मी पाचवीत होते. त्या दिवशी केंद्रातली एकुलती खाट सरपंचांच्या माडीवरून आणलेली होती आणि आम्हा मुलींना केसात फुले माळून तिच्याभोवती उभे केले होते. आम्ही स्वागतगीत म्हटले. खाट संध्याकाळी परत गेली. कुणी हसले नाही. सरपंचांनी खाट दिली म्हणून सगळ्यांनी त्यांचे आभार मानले, मीही मानले.

म्हणून मला प्रश्न पडला, की जी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली ती कुणाला तरी विनोद वाटते म्हणजे काय? तो लेखक हसत होता की मीच हसायला शिकले नव्हते? असे प्रश्न विचारायला आमच्या घरी कुणी नव्हते. अब्बा चौथी शिकलेले. अम्मा कुराण वाचते, पण मराठी अक्षर तिला येत नाही. टपालाने येणाऱ्या कॉलेजला प्रश्न विचारता येत नाही.

परीक्षेचा फॉर्म मी वेळेत भरला होता, हे आधी सांगायला हवे.

इथे आमच्या कोकणातल्या लोकांची एक रीत आहे. महत्त्वाचा कागद कुणी टपालात टाकत नाही. गावी किंवा मुंबईला जाणारा माणूस शोधायचा आणि त्याच्या हाती द्यायचा. टपाल हरवते, माणूस हरवत नाही, असे अब्बा म्हणतात. आमच्या गावचा लतीफ डिसेंबरात रजेवर निघाला, तेव्हा अब्बांनी फॉर्मचे पाकीट त्याच्या हाती दिले. मुंबईला उतरलास की विद्यापीठाच्या कचेरीत नेऊन दे, एवढेच काम. लतीफने ते पाकीट साबण आणि साड्यांच्या कापडांमध्ये नीट ठेवले, मी पाहिले होते.

तो मुंबईला उतरला तर न्यायला आलेल्या भावाने सांगितले, की बापाची तब्येत बरी नाही. लतीफ तसाच एसटी धरून गावी गेला. बाप आठवड्यात उठून बसला. लतीफला पाकिटाची आठवण झाली तेव्हा ते बॅगेत नव्हते. त्याच्या आईने बॅग उपसताना बहारीनचा लांबडा, शिक्क्यांचा कागद पाहिला आणि तो लेकाचा व्हिसाच आहे असे समजून प्लास्टिकमध्ये गुंडाळून आपल्या पत्र्याच्या पेटीत, दागिन्यांखाली ठेवला. पेटीला कुलूप घातले. लेक विचारायला लागला तेव्हा तिने तोंडातून ब्र काढला नाही. व्हिसा नसला तर पोरगा परत जाणार नाही, एवढे तिला कळत होते.

लतीफ फेब्रुवारीत परत आला तो ते पाकीट घेऊनच. विमानाच्या दिवशी आईने स्वतः काढून त्याच्या हातात ठेवले होते. फॉर्मची तारीख जाऊन महिना झाला होता. तो आमच्या दारात चप्पल न काढता उभा राहिला. मी त्याच्यावर रागावू शकले नाही. प्लास्टिक इतके नीट गुंडाळलेले होते की पाकिटाच्या कडेला एक सुरकुती नव्हती.

त्या परीक्षेवर माझे सगळे शिक्षण टांगलेले होते. मुंबईहून मामाचे पत्रामागून पत्र येत होते. स्थळ चांगले आहे, मुलगा गोदीत आहे, पोरीला किती शिकवणार. अब्बांनी त्याला कळवले होते की पोरगी दरवर्षी पास होते तोवर शिकेल, एक वर्ष जरी गेले तरी तू म्हणशील तसे. आपला शब्द अब्बा मोडत नाहीत. फॉर्म गेला म्हणजे वर्ष गेले, आणि वर्ष गेले म्हणजे गोदीतला मुलगा. त्याच्याविषयी माझे काही वाईट मत नव्हते. मी त्याला पाहिलेलेही नव्हते. पण मला ती कादंबरी अजून कळली नव्हती, आणि न कळताच ती मिटून ठेवायची हे मला सहन होत नव्हते.

आत्ता हे लिहिताना बागवाला झाडावरून खाली काहीतरी ओरडतो आहे. त्याची बायको भिंतीशी उभी राहून तेवढ्याच जोरात उत्तर देते आहे. मला त्यांचे शब्द फार कळत नाहीत, पण भांडण जेवणाचे आहे हे कळते. भाषा येत नसतानाही काही गोष्टी किती स्पष्ट असतात, आणि भाषा येत असून काही किती गढूळ.

कासमचाचांची गोष्ट तशी आहे.

अब्बांच्या कंपनीत कासमचाचांचा हुद्दा काय, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. ते व्हिसाची कामे करतात. माल खरेदी करतात. मालकाच्या मुलांना शाळेत सोडायला गाडी नसेल तर गाडी पाठवतात. आमच्या गावातली चाळीसेक माणसे बहारीनमध्ये आहेत आणि त्यातला एकही असा नाही की ज्याला त्यांनी आणले नाही. अब्बांना त्यांनी सुतार म्हणून आणले आणि पुढे कंपनीच्या स्टोअरवर बसवले. सुताराला कुटुंब आणता येत नव्हते, स्टोअरकीपरला येत होते. म्हणजे अम्मा आणि मी इथे आहोत, या खिडकीत बसून मी हा वास घेते आहे, तेही त्यांच्या एका शब्दामुळे. गावाहून येणारा प्रत्येकजण त्यांच्यासाठी काही ना काही आणतो, आमसुले, फणसाची साटे, सुकवलेले बांगडे. त्यांच्या घरात गेले की बाजारात गेल्यासारखा वास येतो. इथले लोक ज्याला वास्ता म्हणतात आणि आपण वशिला म्हणतो, तो मला लहानपणापासून कासमचाचांच्या चेहऱ्याचा दिसतो. गोल, हसरा, पान खाल्लेला.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी त्यांनी सगळ्या गावाला सखीरला सहलीला नेले. सखीरचे वाळवंट त्या दिवसांत चक्क हिरवट दिसते. थोडासा पाऊस पडून गेलेला असतो आणि वाळूवर दाढीच्या खुंटांसारखे गवत उगवते. लांबवर लोकांचे तंबू, त्याहून लांब तेलाचे पंप माना खालीवर करत असतात. पुरुषांनी दगडांच्या चुलीवर बिर्याणी चढवली. कुणीतरी वाटेत बाजारातून फगा आणला होता. वाळूखाली उगवणारे ते मातकट कंद अम्माने बटाट्यासारखे चिरले आणि ‘ह्याच्यापेक्षा सरळ मातीच खावी’ म्हणून तोंड वेडेवाकडे केले.

फॉर्मचे कासमचाचांना सांगायचे की नाही, यावर घरात आठ दिवस बोलणे चालले होते. अब्बा नको म्हणत होते. आधीच किती सांगायचे त्या माणसाला, असे त्यांचे म्हणणे. जेवण झाल्यावर अम्मानेच ते कासमचाचींच्या कानात घातले आणि कासमचाचींनी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगून टाकले. कासमचाचांनी मला बोलावले. मी चटईच्या कडेला बसले.

“काय गं कॉलेजवाली, काय शिकवतात तुला असं, की त्याच्यासाठी तुझा बाप आठ दिवस जेवला नाय?”

मी काहीतरी पुटपुटले. इंग्रजी, इतिहास, असे.

“तसं नको. एक गोष्ट सांग. यल्ला, चल.”

मला दुसरे काही सुचले नाही. माझ्या डोक्यात तेव्हा एकच पुस्तक होते. मी इस्पितळाची गोष्ट सांगायला लागले. खाली मान घालून, जशी परीक्षेत सांगावी तशी. मोटार, हॉटेलच्या खाटा, पट्ट्या बांधलेले चुलते. घोरणाऱ्या मेहुण्याशी आले तेव्हा पुरुष हसायला लागले. मेहुणा खाटेसकट हॉटेलात गेला म्हटल्यावर लतीफ वाळूत आडवा झाला. एकाने विचारले की तो मेहुणा आपल्या रमजानसारखा दिसत होता काय, आणि रमजान म्हणाला, मला हॉटेलात नेतील तर मी आत्ता घोरतो. सगळ्यात जास्त अब्बा हसत होते. डोळ्यांतले पाणी पुसत होते. ते असे हसतात हे मी विसरूनच गेले होते. माझ्या सांगण्याने माणसे हसत होती, आणि ते पुस्तक विनोदी आहे हे मला त्या वाळवंटात, बिर्याणीच्या वासात पहिल्यांदा कळले.

कासमचाचाही हसत होते. हसणे ओसरल्यावर त्यांनी विचारले, “आणि तो कारकून? त्याने केली सही?”

“केली.”

“का केली?”

“त्याला नोकरी त्या मंत्र्यानेच लावली होती.”

“मग बरोबर केलं त्याने,” ते म्हणाले. “नायतर काय तोंड दाखवणार?” त्यांनी पंपांकडे पाहिले. मग म्हणाले, “तो मंत्री चोर हाय, खरं. पण गावात इस्पितळ तरी बांधलंन. चांगल्या माणसाने बांधलंन काय? तुझ्या पुस्तकात ह्याचं उत्तर हाय?”

पुस्तकात ह्याचे उत्तर नव्हते. मी तसे सांगितले.  मला भीती वाटली की मी भलतीच गोष्ट भलत्या माणसाला सांगितली. पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“फॉर्मचं पाकीट उद्या माझ्याकडे पाठव नि तू ते डोक्यातून काढ. मफी मुश्किल, काय अडचण नाय. मुंबईत माझा मेहुणा हाय. घोरणारा नाय, जागा असणारा.”

पुन्हा हशा झाला. मीही हसले. अब्बा हसले नाहीत, ते चटईवरच्या भाताची शिते वेचत होते. पण हे मला तेव्हा दिसले की नंतर आठवणीने तिथे घातले, हे आता सांगता येत नाही.

वर्ष वाचणार म्हणून मी त्या रात्री नीट झोपले. एवढे खरे आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले. आता हसू येत होते. आणि प्रत्येक हसण्याबरोबर एक नवीन अडचण येत होती. मंत्री पानोपानी वशिला लावत होता, मी त्याला पेन्सिलीने खुणा करत होते, आणि मला ती परीक्षा देता यावी म्हणून मुंबईत कुणीतरी कुणाला तरी भेटत होते. मी समासात ‘भ्रष्टाचाराचे उदाहरण’ असे लिहायचे आणि मग खिडकीबाहेर बघायचे. माझा फॉर्म तर खरा होता. मी तो वेळेवर भरला होता. चूक एका म्हातारीच्या मायेची होती. अशा चुकीला जर सरळ रस्ता नसेल तर वाकडा रस्ता पाप कसा? हे मला पटायचे. मग वाटायचे, मंत्र्यालाही असेच काहीतरी पटत असेल.

पंधरा दिवसांनी, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, कासमचाचा आमच्या घरी आले. ते आमच्याकडे फार वेळा येत नसत. अम्माने घाईघाईने चहा टाकला, शेजारच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातून, बिस्किटे मागवली. मी जेवणासाठी जमिनीवर अंथरतात त्या दस्तरखानाच्या एका टोकाला वही घेऊन बसले होते, उठणार होते, पण ते बस म्हणाले.

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले. त्यात माझे हॉल तिकीट होते. आदल्या दिवशी मुंबईहून आलेल्या कुणाच्या तरी हाती आले होते. माझा फोटो, त्यावर शिक्का, बैठक क्रमांक. सोबतच्या पावतीवर फॉर्म मिळाल्याची तारीख डिसेंबरातली होती. ज्या दिवशी माझा फॉर्म कोकणात एका पेटीत दागिन्यांखाली होता, त्या दिवशी तो मुंबईच्या कचेरीत दाखल झालेला होता. अम्मा रडायला लागली. मी कासमचाचांना सलाम केला.

मग त्यांनी दुसऱ्या खिशातून दुसरा कागद काढला आणि तो अब्बांपुढे ठेवला.

तो कागद मी उलटा वाचला. कंपनी तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या इमारती बांधत होती, त्यांच्यासाठी गिझर यायचे होते. ते स्टोअरमध्ये मिळाले, मोजून घेतले, चांगल्या स्थितीत आहेत, अशा मजकुराचा कागद होता. खाली अब्बांच्या नावाखाली रेघ होती.

“माल कधी येतो?” अब्बांनी विचारले.

“जहाज बंदरात उभं हाय. आठ दिवस. इंशाल्ला.”

“मग आठ दिवसांनी करतो.”

कासमचाचांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्यायले. ते रागावलेले दिसत नव्हते. उलट आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

“इब्राहिम,” ते म्हणाले, “मी तुला कधी आठ दिवसांनी बघू म्हटलंय?”

 अब्बांनी खिसा चाचपला. पेन स्टोअरमध्ये राहिले होते. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांची नजर माझ्या हातावर आली. माझ्या हातात पेन होते. मी हॉल तिकिटावरचा क्रमांक वहीत उतरवून घेत होते.

मी ते दिले.

अब्बांची सही इंग्रजीत आहे. गावी ते मराठीत नाव लिहायचे. स्टोअरवर बसल्यावर ते रोज संध्याकाळी सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर इंग्रजी सही गिरवत असत, असे ते सांगतात. म्हणून त्यांची सही घाईची नाही. एकेक अक्षर ते वेगळे काढतात, शाळेतल्या मुलासारखे, आणि शेवटच्या अक्षराखाली एक छोटी रेघ ओढतात. त्या दिवशीही त्यांनी ती रेघ ओढली. पेनाचे टोपण लावून पेन मला परत दिले. कासमचाचा बिस्किट खाऊन, अम्माला पोरीला दूध पाजत जा म्हणून सांगून गेले.

गिझर आले का? मला माहीत नाही. जहाजे खरेच उशिरा येतात. कागद आधी करावे लागतात, असे सगळ्याच कंपन्यांत चालते, लतीफही सांगतो. मी अम्माला एकदा विचारले तर ती म्हणाली, तू परीक्षेचं बघ. अब्बांना विचारायला तोंड नव्हते. आणि त्या दोन कागदांचा एकमेकांशी काही संबंध होता, असे तरी कोण म्हणाले? एक माझा होता, एक त्यांचा. दोन वेगळ्या खिशांतून आले होते. मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितले आहे, की खिसे वेगळे होते हेच आता मला ठामपणे आठवते, बाकी सगळे धूसर झाले आहे.

एप्रिलात अम्मा आणि मी मुंबईला गेलो. मामाच्या खोलीवर राहिलो, मामा माझ्याशी जेवणापुरते बोलत होता. इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी वर्गातला पंखा टकटक करत होता आणि पुढच्या बाकावरची मुलगी पेपर हातात पडायच्या आधीच रडत होती. मी प्रश्नपत्रिका उलटली. तिसरा प्रश्न होता: कादंबरीतला कारकून परिस्थितीचा बळी आहे की गुन्ह्यातला भागीदार? सविस्तर चर्चा करा.

गाइडमध्ये याचे उत्तर होते. मला ते पाठ होते. भागीदार. पण मी पाठ केलेले लिहिले नाही. मी सुरुवात केली आणि हात थांबेना. मी लिहिले की बळीला विचारले जात नाही, कारकुनाला विचारले होते. मी लिहिले की तो दोन दिवस टाळतो याचाच अर्थ त्याला कळत होते, आणि ज्याला कळते त्याला सूट नसते. मी लिहिले की मंत्री खाटा चोरतो, पण खाटा आहेत असे जगाला सांगतो तो कारकून, त्याच्या सहीशिवाय ती चोरी चोरी म्हणूनच राहिली असती, सहीने ती इस्पितळ झाली. अशी वाक्ये मला कधी सुचत नाहीत. प्रत्येक वाक्य लिहिताना माझ्यासमोर आफ्रिका नव्हती. दस्तरखान होते, चहाची बशी होती, आणि एकेक अक्षर वेगळे काढणारा एक हात होता. मी पुरवणी मागून घेतली. बाहेर आले तेव्हा अम्मा झाडाखाली डबा घेऊन बसली होती. पेपर कसा गेला विचारले, मी चांगला म्हटले. डबा मात्र मी उघडला नाही.

हे मी कुणाला सांगितलेले नाही. इथे लिहिले, आता लिहिलेले राहू दे.

निकाल ऑगस्टात आला. तेव्हा जिदहफ्समध्ये खजूर पिकून पिवळा झालेला असतो आणि हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसते. इथे घरी टपाल येत नाही, पत्रे कंपनीच्या पेटीत येतात. अब्बा दुपारी जेवायला आले ते पाकीट घेऊन. त्यांनी ते फोडले नव्हते. मी फोडले. पास होते. इंग्रजीत मला कधी नव्हते इतके गुण होते.

अम्माने लगेच कासमचाचांकडे मिठाई पाठवायची तयारी सुरू केली. अब्बा गुणपत्रिका हातात घेऊन बसले. त्यांना इंग्रजी आकडे वाचता येतात. सगळ्यात मोठ्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवले.

“हा कशाचा?”

“इंग्रजीचा. ती आफ्रिकेची गोष्ट होती ना, सखीरला सांगितलेली. त्या पेपराचा.”

“घोरणाऱ्याचं विचारलं होतं?”

“नाय,” मी म्हणाले. मला खोटे बोलता आले असते. “कारकुनाचं विचारलं होतं. त्याचं चुकलं काय, असं.”

“मग काय लिवलंस?”

अम्मा आत डबे हलवत होती. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. ते अजून आकड्यावर होते.

“चुकलं, असं लिवलं.”

अब्बांनी मान हलवली. ते दुखावले असतील असे मला वाटले होते, निदान दचकतील. त्यांच्या चेहऱ्यावर तसे काही नव्हते. एखाद्या मालाचा नग तपासून ठीक आहे म्हणावे तशी त्यांनी मान हलवली.

“बरोबर लिवलंस,” ते म्हणाले. मग गुणपत्रिकेची घडी घालता घालता त्यांनी विचारले, “त्याला पोरंबाळं व्हती काय?”

मी आठवून पाहिले. सगळी पाने आठवून पाहिली. कारकुनाचा चष्मा होता, पोटदुखी होती, भाड्याची खोली होती.

“नाय,” मी म्हणाले. “पुस्तकात तरी नाय.”

“मग त्यानं सही कराया नको व्हती,” अब्बा म्हणाले, आणि हात धुवायला उठले.